अमेरिकेत टीए म्हणून शिकवायला जाताय? मग या चुका टाळा

इकडे चवथीची गडबड सुरू व्हायच्या सुमारास तिकडे अमेरिकेत नवा सेमिस्टर सुरू होतो. यंदा माझी मावसबहीण फोंड्याहून फिजिक्सच्या पीएचडीला चाललीय, टीएशिप (टीचिंग असिस्टंटचं काम) पण मिळालीय, म्हणजे अंडरग्रॅड पोरांना लॅब नाहीतर डिस्कशन सेक्शन शिकवायचा. एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यात हे सगळं बसवायचं. ती म्हणते, "दादा, पाचवीपासून इंग्लिश मीडियम, मला कसलं ट्रेनिंग?" मी पण हेच म्हणत गेलो होतो.

माझा पहिलाच क्लास. बोर्डाकडे तोंड करून म्हटलं 'फाइव्ह इंटू थ्री' आणि लिहिलं 15. मागे कुजबुज. त्यांच्याकडे 'इंटू' म्हटलं की डोक्यात भागाकार येतो, 'थ्री इंटू फिफ्टीन' म्हणजे 5! गुणाकाराला 'टाइम्स' म्हणायचं, 'एक्स बाय वाय'ला 'एक्स ओव्हर वाय', ब्रॅकेटला पॅरेंथेसिस, झेडला झी. 'एनी डाउट्स?' पण नको, त्यांना वाटतं ह्याच्यावर कोणी शंका घेतलीय की काय, सरळ 'क्वेश्चन्स' म्हणा. आणि खोडायला रबर मागू नका, इरेझर मागा (का ते तिथल्या सीनियरला खाजगीत विचारा).

दुसरं म्हणजे अॅक्सेंट बदलायचा नाद. दोन महिने यूट्यूब बघून 'वॉडर' म्हणायला शिकलेले लोक मी पाहिलेत, उपयोग शून्य. खरा घोळ असतो तो शब्दात जोर कुठे द्यायचा त्याचा. आपण 'डेव्हलप' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर टाकतो, त्यांना तो दुसऱ्यावर लागतो, डि-व्हे-लप. पॅरामीटर तर मी आठवडाभर बोलत होतो आणि पोरं तोंडाकडे बघत होती, कारण ते प-रॅ-मिटर म्हणतात. आपल्या विषयातले वीस-तीस शब्द काढा, डिक्शनरीत ऐका, तेवढे पाठ करा, बाकी बोलणं आपलंच राहू दे.

प्रश्न विचारून थांबत नाही ही तर सगळ्यांचीच खोड. मेरी बड रो या बाईंनी 1970 च्या दशकात मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब नि चांगली येतात. मी मनात 'एक म्हापसा, दोन म्हापसा, तीन म्हापसा' म्हणायचो. आणि 'अंडरस्टुड?' विचारलंत तर सगळे मान डोलावणार, त्यापेक्षा पुढची स्टेप काय ते विचारा.

टोफेलवर, म्हणजे इंग्लिशच्या परीक्षेवर, अॅडमिशन झाली म्हणजे शिकवायची परवानगी मिळाली असंही नाही हं. बऱ्याच युनिव्हर्सिट्या टीएसाठी स्पीकिंगचा स्कोअर वेगळा बघतात, किंवा पोचल्यावर पाच-दहा मिनिटांचा डेमो क्लास घेतात. डिपार्टमेंटला आताच मेल टाकून विचारा.

मार्क वर्गात मोठ्याने वाचायचे नाहीत, पालकांचा फोन आला तरी सांगायचे नाहीत, विद्यार्थ्यांची माहिती खाजगी ठेवायचा 1974 चा फर्पा कायदा आहे त्याला.

काल ओसरीवर तिचा डेमो घेतला, मोबाइलवर रेकॉर्ड केला. विषय घर्षण. चार मिनिटांत सात वेळा 'इंटू' आणि पूर्ण वेळ पाठ आमच्याकडे. तिने स्वतःच बघितला, मग म्हणाली, "परत घेऊया, पण मावशीला आत पाठव."