रात्री डायपर गळतोय? महागडा पॅक आणण्याआधी या चुका टाळा

सकाळी काढलेला डायपर गुंडाळून टाकण्याआधी एकदा उलगडून बघा आणि मधला भाग बोटांनी दाबा. पुढून-मागून सगळा फुगलेला, जड, कुठेच कोरडा नाही असा असेल, तर त्याची क्षमता खरोखर संपली होती. पण पुढचा भाग टम्म, मागचा अर्धा कोरडा आणि तरीही झबलं ओलंचिंब, असं दिसलं तर डायपरमध्ये जागा होती. शू तिथवर पोचलीच नाही, आधीच बाजूने निसटली. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बहुतेक घरांत मात्र दोन्हींवर एकच उपाय होतो, तो म्हणजे पुढच्या वेळी आणखी महागाचा पॅक आणणं. अर्धा कोरडा राहणारा डायपर कितीही भारी आणला तरी अर्धा कोरडाच राहणार आणि अंथरूण ओलं होणारच.

कपडे नेमके कुठे ओले झालेत, तेही बघून ठेवा. मांडीपाशी ओलं असेल तर पायाकडच्या झालरीत गडबड आहे. पोटावर, बेंबीच्या आसपास ओलं असेल तर बाळ बहुधा मुलगा आहे आणि शूची जागा वर वळलेली राहिली आहे. डायपर लावताना ती खालच्या दिशेला केली की हा प्रकार बऱ्याचदा तिथेच थांबतो. पाठीकडून येत असेल तर कमरेत फट आहे किंवा पातळ शी झाली आहे. झोळीत झोपणाऱ्या बाळाचं बूड सगळ्यात खाली असतं, त्यामुळे सगळं मागे जमतं आणि पाठीकडूनच बाहेर येतं. गळती थांबावी म्हणून बाळाला पालथं किंवा कुशीवर झोपवू नका. तान्ह्या बाळाने उताणंच, सपाट जागी झोपायचं. डायपरसाठी यात तडजोड नाही.

मापाची चूक दोन्ही बाजूंनी होते. आपल्याकडच्या बऱ्याच पॅकवर स्मॉल ४ ते ८ किलो आणि मीडियम ७ ते १२ किलो असं लिहिलेलं असतं. साडेसात किलोचं बाळ दोन्हींत बसतं, आणि घरात मोठा पॅक पडलेला असल्यामुळे तो संपेपर्यंत स्मॉलच चालू राहतो. दिवसा दर तीन तासांनी बदलताना ते खपून जातं, रात्री नाही. मांडीवर लाल वळ उठत असतील, मागून बुडाचा वरचा भाग उघडा राहत असेल, तर माप वाढवायची वेळ झाली. उरलेला स्मॉल दिवसा वापरा, वाया जात नाही. याउलट झबल्या-टोपड्यासारखा डायपरही वाढत्या अंगाचा घ्यायची आपली सवय. साडेचार किलोच्या बाळाला मीडियम घातला की मांडीभोवती बोटभर फट राहते आणि शू तिथून सरळ दुपट्यावर.

आता झालर, कारण अर्धी गळती इथलीच. बहुतेक डायपरला पायाशी दोन कडा असतात. एक आतली, पातळ, उभी राहणारी; दुसरी बाहेरची, चुण्यांची. आतली कड बाळाच्या जांघेत उभी बसायला हवी, कारण शू अडवायचं काम तिचं. बाहेरची पूर्ण बाहेर वळलेली हवी. पेंगुळलेल्या डोळ्यांनी पँटवाला डायपर वर ओढला की हमखास एका बाजूची कड आत दुमडते, आणि दुमडलेली कड वातीसारखी काम करते: आतलं ओढून बाहेरच्या कपड्याला देते. डायपर चढवल्यावर तर्जनी जांघेतून पुढून मागे एकदा फिरवा, दुमडलेलं लगेच हाताला लागतं. टेपवाल्याच्या दोन्ही टेप एकाच उंचीवर लावा आणि पोटाशी दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा. झबल्याचं टोक कमरेच्या आत खोचलं गेलंय का, तेही बघा. एवढ्याशा कापडावरून पाठ भिजते आणि मग दोष डायपरला मिळतो.

तेल-मालिश झाल्यावर लगेच डायपर लावणं ही खास आपली चूक. खोबरेल लागलेल्या बोटांनी टेप धरली की ती चिकटत नाही आणि मध्यरात्री सुटते. मालिश जरूर करा, पण रात्रीच्या डायपरआधी मांड्या आणि बूड कोमट पाण्याच्या कापडाने पुसून कोरडं होऊ द्या. रॅशसाठीचं झिंकचं मलम लावताना थोडक्यात भागवा, कारण जाड लपका डायपरच्या वरच्या थराला चिकटतो आणि शू आत जिरायच्या ऐवजी वरून वाहते. पावडर तर नकोच. गळती तिने थांबत नाही, आणि उडालेले कण बाळाच्या श्वासात जातात.

दोन डायपर एकावर एक घालायची युक्ती मात्र कधी चालत नाही. आतल्या डायपरला मागून प्लास्टिकचा थर असतो, त्यातून बाहेरच्याकडे काही जातच नाही. आतला भरला की शू कडेनेच येणार. शिवाय बाळाला उकडतं ते वेगळंच. सॅनिटरी पॅड आत ठेवण्याचंही तेच, त्यालाही मागे प्लास्टिक असतं. डायपर खरंच पूर्ण भरत असेल तर मागे प्लास्टिक नसलेला बूस्टर पॅड, म्हणजे जादा शोषणारी पट्टी, आत घाला किंवा रात्रीसाठी जास्त शोषणारा डायपर घ्या. काही हौशी मंडळी पेलाभर पाणी ओतून डायपरची परीक्षा घेतात. तो निकाल फार मनावर घेऊ नका. आतली शोषणारी पावडर, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, साधं पाणी जितकं धरते त्याच्या मानाने क्षार असलेली शू खूपच कमी धरते.

कापडी लंगोटाचा आजीचा आग्रह चुकीचा नाही, फक्त त्याची अट सांगायची राहून जाते: लंगोट ओला झाला की कोणीतरी उठून बदलतं, म्हणून तो चालतो. तो रात्रभर टिकावा ही अपेक्षाच नव्हती. नव्या पद्धतीचे कापडी डायपर रात्री चालतात, पण आतली नवी सुती किंवा बांबूची घडी तीन-चार धुण्यांनंतरच नीट शोषू लागते. फॅब्रिक कंडिशनर घातला तर धाग्यांवर थर बसतो आणि पाणी वरूनच घरंगळतं. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघाला नाही तरी हेच होतं. मायक्रोफायबरची घडी पटकन शोषते, पण दाबली की सोडते, म्हणून तिच्याखाली सुती घडी हवीच. मायक्रोफायबर थेट बाळाच्या कातडीला लागू देऊ नका. पावसाळ्यात जाड घड्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा रात्रीपुरता विकतचा डायपर वापरण्यात कमीपणा नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गळती नको म्हणून रात्रीचं दूध कमी करणं. असं अजिबात करू नका. बाळ आठवड्याचं झाल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू होणं ही दूध पुरत असल्याची खूण आहे. बदलायची वेळ तेवढी सरकवा. संध्याकाळी सातला घातलेला डायपर सकाळपर्यंत ठेवण्यापेक्षा तुम्ही झोपायला जाताना, अकराच्या सुमारास, अर्धाच भरलेला असला तरी बदला. रात्री पाजताना एक बाजू झाली की बदला आणि मग दुसरीकडे घ्या. पुष्कळ बाळं पिता पिताच शी करतात, आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा पेंगून झोपतात. शी झाली असेल तर सकाळची वाट बघू नका.

जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेला सुटे बारीक ठिपके दिसले तर ते बुरशीचं असू शकतं, घरगुती मलमं न लावता डॉक्टरांना दाखवा. शूच अचानक कमी झाली, बाळ मलूल वाटलं, तर त्याच दिवशी फोन करा.

एवढं करूनही एखादी रात्र ओली जाणारच. त्यासाठी गादीवर दुहेरी थर अंथरून ठेवा: खाली ड्राय शीट, म्हणजे ओल खाली न जाऊ देणारा कपडा, त्यावर सुती चादर, पुन्हा ड्राय शीट, पुन्हा चादर. सगळं ताणून गादीखाली खोचलेलं, बाळाच्या तोंडापाशी काही सैल नाही. रात्री वरची जोडी ओढून काढली की खालची तयार असते, आणि दिवा न लावता काम होतं.