आपल्या मोहिमेसाठी विशेष क्लास कसा घडवावा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा, प्रत्येकाने एक पात्र घेऊन कथा पुढे नेण्याचा खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, कधी ना कधी स्वतःच्या जगासाठी एखादा विशेष क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, लिहायला बसतोच. नाशिककरांना त्याचे साहित्य शोधत फिरावे लागत नाही, कारण हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, १५६७ मीटर उंचीचा साल्हेर किल्ला आणि घाटमाथ्यावरचे पावसाळी धुके यांतून ‘वाटाड्या’ आपोआप सुचतो. येथे तेच उदाहरण घेतले आहे.

संपूर्ण नवा क्लास लिहू नये, सबक्लास, म्हणजे असलेल्या क्लासची एक शाखा, लिहावा. १९७४ साली हा खेळ निघाला तेव्हा फायटिंग मॅन (योद्धा), मॅजिक यूजर (जादूगार) आणि क्लेरिक (धर्मोपासक) हे तीनच क्लास होते. थीफ (चोर) १९७५ च्या पुरवणीत आला. २०१४ च्या नियमांत रॉग या चपळ, चोरट्या क्लासला सबक्लासच्या शक्ती ३, ९, १३ आणि १७ या लेव्हलना, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या पायऱ्यांवर, मिळतात, त्यामुळे वाटाड्या रॉगवर बेतल्यास चारच टप्पे लिहावे लागतात आणि बाकी सारे आयते मिळते.

हे पात्र कोणत्या अडचणीसाठी आहे, ते एका वाक्यात लिहून ठेवावे.

खरी कसोटी लागते ती तिसऱ्या लेव्हलची शक्ती लिहिताना, आणि मलाही सर्वांत जास्त काळ याच टप्प्याने छळले. विशेषज्ञाला त्याच्या विषयात अपयश येताच कामा नये, हा येथे सर्रास दिला जाणारा सल्ला मला मुळीच मान्य नाही. २०१४ च्या नियमांतला रेंजर हा रानावनात वावरणारा क्लास पाहावा: त्याच्या आवडत्या भूप्रदेशात गट जादूखेरीज वाट चुकत नाही, बिकट जमिनीमुळे प्रवास मंदावत नाही आणि शोधलेले अन्न दुप्पट मिळते. पुस्तकात हे भरघोस दिसते, परंतु प्रत्यक्ष खेळात ज्या खेळाडूने रानावनातल्या प्रवासाच्या ओढीने रेंजर निवडला, त्याच्याच उपस्थितीमुळे तो प्रवास दोन वाक्यांत उरकला जातो.

म्हणून शक्तीने अडचण पुसून टाकू नये. तिच्यातून निवड उभी करावी. वाटाड्याची शक्ती मी अशी लिहितो: एरवी यशापयश फाशावर ठरते, पण धुक्यात किंवा अंधारात त्याला फासा न टाकता दोन वाटा दिसतात, एक जवळची आणि एक लांबची, आणि प्रत्येक वाटेवरचा एक खरा धोका डंजन मास्टरने त्याला सांगायचा. मग शिधा संपत आला असताना हरिहरसारखा कडा चढावा की दिवसभराचा वळसा घ्यावा, यावर सगळा गट बोलू लागतो. चिलखत घातलेल्या फायटरचे (योद्ध्याचे) म्हणणे वेगळे असते, विझर्डचे (जादूगाराचे) वेगळे, आणि वाटाड्याचे ज्ञान त्या चर्चेच्या केंद्रस्थानी राहते.

याच टप्प्यावर आणखी एक काळजी घ्यावी. जे काम कोणालाही करून पाहता येते, ते विशेष क्लासच्या नावावर बांधून टाकू नये. थीफच्या कौशल्यांत भिंत चढणे नोंदवले गेल्यावर इतरांना ते जमतच नाही, असा अर्थ कित्येक गटांनी काढला आणि सर्वांच्याच हालचालींवर मर्यादा आल्या. वाट शोधण्यासाठी फासा टाकण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, आणि हे क्लासच्या वर्णनातच स्पष्ट लिहावे.

पुढील तीन टप्पे सोपे आहेत: त्याच निवडीची व्याप्ती वाढवत न्यावी, नव्या विषयांत शिरू नये.

मोहीम पंचवटीसारख्या दाट वस्तीच्या गल्ल्यांतच घडणार असेल, तर वाटाड्या खेळाडूंना देऊच नये. ज्या क्लासला बैठकीमागून बैठक काम मिळत नाही, तो निवडणाऱ्या खेळाडूवर सरळ अन्याय होतो, आणि त्याची जबाबदारी डंजन मास्टरचीच असते.

शेवटी तिसऱ्या लेव्हलवर एक प्रयोगाची बैठक घ्यावी. तिच्यात वाटाड्याने दाखवलेल्या वाटांपैकी एक वाट गटाने काहीही न बोलता उचलली, तर दुसऱ्या वाटेचा धोका फार मोठा झाला आहे असे समजावे आणि दोन्ही धोके पुन्हा तोलून लिहावेत.