या चुका टाळा : चादरीचा फोटो चांगला, तरी गूगल इमेजेसमध्ये का सापडत नाही?

लाल-काळी चादर, मधोमध मोर, काठाला चौकड्यांची पट्टी. सोलापूरच्या माणसाला हा फोटो दिसताक्षणी कळतो. शोधयंत्र मात्र नुसत्या चित्रावरून फार तर ‘नक्षीचं जाड कापड’ इथवर पोहोचेल. ती सतरंजी आहे, वॉल हँगिंग आहे की पांघरायची चादर, माप काय, विकायला आहे की नाही, हे त्याला पानावरचे शब्द सांगतात. म्हणून फोटो मागे पडला की आधी नवा कॅमेरा आणायची घाई नको. फोटोच्या आजूबाजूला काय लिहिलंय आणि ते पानाच्या कोडमध्ये नेमकं कुठे बसलंय, ते बघा.

फोटो एका कोपऱ्यात, माहिती दुसऱ्या

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, आणि पडद्यावर ती दिसतच नाही. पानाच्या वरच्या भागात 24 फोटोंची जाळी असते आणि प्रत्येकाखाली फक्त ‘डि. नं. 14’ (डिझाइन नंबर) असा आकडा. मग खाली बरंच अंतर सोडून यादी येते : डि. नं. 14, मोर, 60 बाय 90 इंच, सुती. गिऱ्हाईक आकडा बघून दोन्ही जुळवून घेतं. शोधयंत्र तसं जुळवत बसत नाही. ते फोटोच्या सगळ्यात जवळचा मजकूर, त्याखालची ओळ आणि त्याच्या वरचं शीर्षक यांना जास्त महत्त्व देतं. इथे जवळचा मजकूर म्हणजे ‘डि. नं. 14’, आणि तो शब्द कोणी शोधत नाही.

कधी उलटंही होतं. पडद्यावर फोटो आणि माहिती शेजारी-शेजारी दिसतात, पण ती जवळीक सजावटीच्या नियमांनी, म्हणजे सीएसएसने, आणलेली असते. कोडमध्ये आधी सगळे फोटो ओळीने, नंतर सगळी माहिती ओळीने. म्हणून पडदा बघून ठरवू नका. संगणकावर पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबा, मूळ कोड दिसेल. त्यात कंट्रोल-एफने एका फोटोच्या फाइलचं नाव शोधा आणि त्याच्या वरच्या-खालच्या दहा-बारा ओळी वाचा. तिथे चादरीचं नाव, रंग, नक्षी, माप यातलं काही दिसतंय का? दुसरा फोटो, ‘अधिक पाहा’ आणि ‘कार्टमध्ये टाका’ एवढंच दिसत असेल, तर दुखणं सापडलं.

उपाय : प्रत्येक चादरीला तिचा स्वतःचा कप्पा द्या. कप्प्यात सर्वात वर शीर्षक, तेही खऱ्या शीर्षकाच्या टॅगमध्ये, म्हणजे कोडमधल्या खुणेत, नुसती अक्षरं ठळक करून नव्हे. त्याखाली फिगर टॅग (फोटो आणि त्याची ओळ एकत्र बांधणारा), त्यात फोटो आणि लगेच फिगकॅप्शनमध्ये, म्हणजे फोटोखालच्या ओळीच्या टॅगमध्ये, ओळ. मग माप, वजन, किंमत. उदाहरणार्थ, शीर्षक ‘मोर नक्षीची सोलापुरी चादर, लाल-काळी’ आणि फोटोखाली ‘जकार्ड मागावर विणलेली सुती चादर, 60 बाय 90 इंच, दोन्ही बाजूंनी वापरता येते’. ज्या आठ-दहा डिझाइनना खरी मागणी आहे, त्यांना स्वतंत्र पान द्या. एकाच पानावर चादर, टॉवेल, नॅपकिन आणि शाळेचे गणवेश असतील, तर पानाचं शीर्षक कोणाच्याच कामाचं राहत नाही.

शब्द निवडताना गिऱ्हाइकाच्या तोंडचे घ्या. कोणी ‘चादर’ म्हणतं, कोणी ‘चद्दर’, टॉवेलला बरेच जण ‘टर्किश टॉवेल’ म्हणतात. वाक्य वाचताना खटकणार नाही अशा बेताने हे शब्द मजकुरात येऊ द्या. आणि एक गोष्ट निक्षून : सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरगावच्या, छापील चादरीच्या फोटोखाली ‘सोलापुरी’ लिहून शोधात वर येण्याचा मोह धरू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागावर बसणाऱ्याचा घास त्यात जातो.

ऑल्टमध्ये दुकानाची पाटी

ऑल्ट म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो, आणि शोधयंत्रही तेच वाचतं. इथे बहुतेक ठिकाणी सगळ्या 24 फोटोंना एकच ओळ चिकटवलेली असते : ‘सोलापूर चादर बेस्ट चादर स्वस्त चादर होलसेल चादर’, पुढे दुकानाचं नाव. गूगल अशा भरताडाला स्पॅमसारखं धरू शकतं, आणि ऐकणाऱ्या माणसाला तर तीच ओळ 24 वेळा ऐकावी लागते.

फोनवरून लांबच्या पाहुण्याला चादर सांगताय असं समजून लिहा : ‘लाल-काळी सोलापुरी चादर, मधोमध मोर, काठाला चौकड्यांची पट्टी’. दुसऱ्या फोटोत तीच चादर घडी घालून ठेवली असेल, तर ऑल्टही बदलला पाहिजे : ‘तीच चादर घडी घातलेली, काठाची वीण जवळून’. नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला ऑल्ट रिकामा ठेवा, पण ऑल्टच काढून टाकू नका.

फाइलचं नाव

‘आयएमजी 4471’ किंवा ‘व्हॉट्सॲप इमेज’ आणि पुढे तारीख, अशा नावातून काही कळत नाही. चढवण्याआधी नाव बदला, शब्दांमध्ये आडवी रेघ टाका, अंडरस्कोअर नको. नाव देवनागरीत चालतं, पण वेबपत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं होतात. ‘चादर’मध्ये च, काना, द, र अशी चार चिन्हं, म्हणजे पत्त्यात 36 अक्षरं. काही जुन्या सर्व्हरवर आणि झिप उघडताना अशी नावं बिघडतात आणि फोटो तुटतो. त्यामुळे फाइलचं नाव रोमन लिपीत, छोटं ठेवा. मराठी मात्र शीर्षकात, ऑल्टमध्ये आणि फोटोखालच्या ओळीत भरपूर येऊ दे. नावाचा वाटा लहानच असतो, त्यावर दिवस घालवू नका.

मराठी दिसतं, पण मराठी नसतं

छापखान्याशी संबंध असलेल्या दुकानदारांना ही अडचण हमखास येते. माहितीपत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं असतं आणि तोच मजकूर वेबसाइटवर चढवला जातो. फाँट सोबत असेल तर पडद्यावर छान मराठी दिसतं. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कालवा असतो, शोधयंत्राला तोच दिसतो. तपासायला अर्धा मिनिट लागतं : पानावरची एक ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये टाका. मराठीच उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आहे. भलतंच काही उमटलं तर मजकूर कन्व्हर्टरने बदला आणि एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं बदलताना चुकतात.

तशीच गत बॅनरची. कोरल ड्रॉमध्ये केलेल्या एका चित्रात चादरीचा फोटो, नाव, माप आणि दर, सगळं एकत्र. चित्रातल्या अक्षरांवर विसंबू नका; ती कॉपी होत नाहीत, भाषांतरात येत नाहीत, स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी सवलतीचं बॅनर करायचं असेल तर करा, पण तेच शब्द बॅनरखाली साध्या मजकुरातही लिहा.

शब्द बरोबर, तरी फोटो गायब

मग फोटो शोधयंत्रापर्यंत पोहोचतोय का ते बघा. फोटो सीएसएसमधून पार्श्वभूमी म्हणून लावला असेल, तर गूगल तो चित्रशोधात घेत नाही. तो इमेज टॅगमध्ये, एसआरसीत (फोटोचा पत्ता लिहायच्या जागेत) पत्ता देऊन लावा. एसआरसेट (एकाच फोटोच्या वेगवेगळ्या मापांची यादी) वापरत असाल तरी साधा एसआरसी राहू द्या.

दुसरं कारण, पान सरकवल्यावरच फोटो आणणारी स्क्रिप्ट. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, माणसासारखं पान सरकवत नाही. ब्राउझरची स्वतःची ‘लोडिंग लेझी’ सोय चालते, पण खरा पत्ता डेटा-एसआरसीत, म्हणजे स्क्रिप्टसाठीच्या वेगळ्या जागेत, दडवून ठेवणारी जुनी प्लगइन तपासून घ्या.

तिसरं, रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्राने काय बघायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) फोटोंचा फोल्डरच बंद केलेला असतो. वेबसाइट बनत असताना घातलेली बंदी काढायची राहून जाते.

फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर तो दबून लहान झालेला असतो. फोटोवाल्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. रुंदी 1200 पिक्सेल किंवा जास्त असली, तर वीण नीट दिसते.

तपासायचा क्रम असा. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीची गूगलची सोय) पानाचा पत्ता टाकून ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबा, मग ‘व्ह्यू टेस्टेड पेज’मधल्या कोडमध्ये फोटोची फाइल आणि त्याजवळची ओळ शोधा. दोन्ही तिथे असतील तर ‘परफॉर्मन्स’ अहवालात सर्च टाइप ‘इमेज’ करा आणि कोणत्या शब्दांवर पान दिसतंय ते वाचा. ‘चादर’ऐवजी भलतेच शब्द येत असतील, तर पहिल्या चुकीकडे परत या.

सुधारणा केल्यावर लगेच रोज फाइलींची नावं पुन्हा बदलू नका. फोटोचा पत्ता बदलला की शोधयंत्राला तो नव्याने शोधावा लागतो, आणि फोटो पानांपेक्षा उशिरा तपासले जातात. बदलायचंच झालं तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे 301 वळण (पत्ता कायमचा बदलल्याची सूचना) लावा, आणि एकच फोटो चार पानांवर असेल तर चारही ठिकाणी त्याचा पत्ता एकच ठेवा.