खरेदीला जाताना मुलाची वेगळी यादी

दुकानात शिरलं की तीन-चार वर्षांचं मूल "हे हवं, ते हवं" करत हट्टाला पेटतं. त्याच्या हाताला काम द्या.

निघण्यापूर्वी एका कागदावर त्याच्यासाठी चार-पाच वस्तूंची चित्रं काढा: साबण, कंगवा, टूथब्रश असं काहीही. चित्र ओबडधोबड चालतं, मुलाला ओळखता आलं म्हणजे झालं. सोबत एक रंगीत खडू. वस्तू त्यानेच शोधायची, पिशवीत टाकायची आणि चित्रावर फुली मारायची. फुली मारण्यातच खरी गंमत असते, ती घाईने आपण मारू नये! मध्येच दुसरं काही मागितलं तर "यादीत आहे का, बघ बरं" एवढंच म्हणा. नाही म्हणायचं काम कागदच करतो.

मूल भुकेलं किंवा झोपेला आलेलं असेल तर मात्र यादीचाही उपयोग होत नाही. तेव्हा खरेदी पुढे ढकललेलीच बरी.