वराहपालन करायचंय? पहिल्या वर्षी मादी घेऊ नका

सावंतवाडी तालुक्यात आमच्या वाडीवर मी डुकरं पाळते आणि माल गोव्यात विकते. हा धंदा सुरू करायचा म्हणून जो कोणी येतो तो आधी विचारतो, "ताई, माद्या किती घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या वर्षी एकही नको. दूध तोडलेली, दोन महिन्यांची आठ-दहा पिल्लं घ्या, सहा-सात महिने वाढवा आणि विका. खाद्याचा खर्च, आजार, गिऱ्हाईक आणि शेजारी, सगळं त्या एका खेपेत कळतं.

हिशेब गिऱ्हाइकापासून मागे करत या. गोव्यात नाताळ, ईस्टर आणि गावोगावच्या फेस्तांना (चर्चच्या सणांना) मागणी चढते. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत उतरते. पिल्लू 80-90 किलोवर जायला सहा-सात महिने लागतात, म्हणजे डिसेंबरात विकायचं तर मे महिन्यात पिल्लं शेडमध्ये हवीत. पिल्लं घ्यायच्या आधी दोन-तीन खाटकांना आणि चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) बनवणाऱ्यांना भेटा, त्यांना किती वजनाचं आणि किती चरबीचं जनावर लागतं ते विचारून घ्या.

जात लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा तिचा संकर घ्या. दोन महिन्यांचं चांगलं पिल्लू 12 ते 15 किलोचं असतं. ज्याचा वाडा तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय त्याच्याकडूनच घ्या. दहा ठिकाणची पिल्लं एका टेंपोत भरून आणणाऱ्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळाली तरी नको. नवं जनावर महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवायचं, आणि त्याला खाणं सगळ्यांत शेवटी घालायचं.

शेड वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर बांधा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आधी हातात घ्या आणि शेजाऱ्यांशी स्वतः जाऊन बोला. वाढत्या डुकराला दहा-बारा चौरस फूट छपराखालची जागा पुरते. जमीन सिमेंटची पण खरबरीत, उतार गटाराकडे. पिल्लं आत सोडण्याआधी गटाराकडचा कोपरा ओला करून तिथे थोडी विष्ठा टाका. पिल्लं तोच कोपरा घाणीसाठी धरतात आणि कोरड्या बाजूला झोपतात. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारलं नाही तर खाणं सोडतं, जास्त झालं तर मरतं.

खर्चातले शंभरातले सत्तर रुपये खाद्यावर जातात. मक्याचा भरडा, भाताचा कोंडा, शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, खनिज मिश्रण आणि मीठ. लहानपणी 18 टक्के प्रथिनं लागतात, विक्रीच्या आधीच्या दोन महिन्यांत 14-15 टक्के पुरतात. किलोभर वजनाला साधारण साडेतीन-चार किलो खाद्य लागतं. खाद्याचा भाव त्याने गुणा आणि मिळणाऱ्या दराशी ताडून पाहा. बसत नसेल तर पिल्लं आणूच नका.

म्हणून सगळे हॉटेलच्या उरलेल्या अन्नाकडे वळतात. वळा, पण ते अर्धा तास खळखळून उकळा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे त्यात येऊ देऊ नका. आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 साली आसाम-अरुणाचलात आला तेव्हापासून मी यात कुणाचं ऐकत नाही. त्यावर आपल्याकडे लस नाही, औषध नाही. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा वाडाच्या वाडा बसतो. कच्च्या आणि खारवलेल्या मांसातून, टेंपोच्या चाकांतून, खाटकाच्या चपलेतून तो येतो. गिऱ्हाइकाला फाटकाबाहेरच थांबवा. जनावराला जोराचा ताप, कान आणि पोट लाल-निळं दिसलं की त्याच तासाला सरकारी पशुवैद्यकांना कळवा. घाबरून विकून टाकलंत तर दुसऱ्याचा वाडा बुडतो. साध्या स्वाइन फीवरची लस मात्र आहे. ती आणि लाळ्या-खुरकुताची लस डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या. जंताचं औषध विसरू नका.

एक खेप नीट विकली, की मग दोन माद्या. आठ महिन्यांची, शंभर किलोच्या आसपासची, बारा तरी सडांची बघा. माज दर 21 दिवसांनी येतो. पाठीवर हात दाबला की जागची हलत नाही, तेव्हा भरवायची, म्हणजे गाभण करायची. नर पोसायची गरज नाही. जुन्या गोव्यातली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था डुकरांच्या कृत्रिम रेतनावर काम करते, तिथे चौकशी करा. प्रशिक्षणाचंही तिथेच विचारा.

भरवल्यापासून 114 दिवस मोजा. शेवटच्या दोन दिवसांत मादी तोंडाने गवत गोळा करायला लागते. सड पिळल्यावर दूध आलं की वेत एका दिवसावर आलं. त्या रात्री झोपायचं नाही. पिल्लू बाहेर आलं की नाक-तोंड फडक्याने पुसा, नाळ बांधून कापा, आयोडीन लावा आणि लगेच सडाला लावा. पहिल्या तासांतला चीक पोटात गेला नाही ते पिल्लू जगत नाही. सगळ्यात अशक्त पिल्लू पुढच्या सडांना लावते मी, तिथे दूध जास्त असतं. कोपऱ्यात दिवा टांगून पिल्लांना 32 अंशांच्या वर ऊब हवी, नाहीतर ती आईच्या पोटाखाली शिरतात आणि चिरडतात. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर लोखंडी पाइप बसवलात की आई धपकन आडवी झाली तरी पिल्लाला निसटायला फट राहते. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन. आईच्या दुधात लोह पुरेसं नसतं आणि सिमेंटवरच्या पिल्लाला मातीही मिळत नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानाचं 50 टक्के अनुदान बरेच जण विचारतात. ते 50 माद्या आणि 5 नरांपासून पुढच्या प्रकल्पांना आहे, त्या सगळ्यात लहान प्रकल्पाला 15 लाखांपर्यंत. दहा पिल्लांसाठी त्याच्या मागे लागू नका. घरचे पैसे घाला, कर्ज पहिल्या विक्रीनंतर बघू.

विकताना काटा स्वतःचा ठेवा आणि नगावर नाही, किलोवर विका. डुकरं पहाटे भरा, गाडीत ओला पेंढा टाका, आणि गाडी परत आली की चाकांवर जंतुनाशक मारल्याशिवाय फाटकात घेऊ नका.