ओलावा शोषणारे हायड्रोजेल: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

पॉलिमरच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्याला हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॉलिमर-साखळ्यांचे जाळे, बनवणे हेच मुख्य काम वाटते. माझ्या अनुभवानुसार अधिक वेळ चाचणीला लागतो आणि निष्कर्षाची विश्वासार्हताही तिथेच ठरते.

सुरुवात पॉलिॲक्रिलामाइडपासून करावी. ॲक्रिलामाइडच्या द्रावणात क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारा घटक) म्हणून अत्यल्प मिथिलीन-बिस-ॲक्रिलामाइड घालतात, अभिक्रिया रोखणारा ऑक्सिजन नायट्रोजन सोडून घालवतात आणि शेवटी अभिक्रिया सुरू करणारे अमोनियम पर्सल्फेट व तिला वेग देणारे टेमेड घालतात. ॲक्रिलामाइड हा मोनोमर (साखळीचा सुटा घटक) मज्जासंस्थेला घातक असून त्वचेतूनही शरीरात जातो, त्यामुळे हातमोज्यांशिवाय तो तोलणाऱ्याला मी सरळ बाहेर पाठवतो. तयार जेल वारंवार पाणी बदलून धुवावे आणि मग वाळवावे.

पाण्यात भरपूर फुगणारे जेल हवेतले बाष्पही तितकेच शोषेल, असे मुळीच नाही. म्हणून वाळलेले जेल कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवून पुन्हा वाळवतात. क्षार बाष्प ओढतो आणि तयार होणारे द्रावण जाळे धरून ठेवते. डायपरमधले सोडियम पॉलिॲक्रिलेट का वापरत नाही, हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या साखळ्या विद्युतभारित असल्याने ते क्षाराच्या द्रावणात आकसते, शिवाय कॅल्शियमचे आयन त्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात.

चाचणीसाठी महागडा आर्द्रता-कक्ष हवाच असे नाही. बंद डेसिकेटरच्या (हवाबंद झाकणाच्या भांड्याच्या) तळाशी, न विरघळलेले खडे दिसतील असे संपृक्त द्रावण ठेवले की आतली सापेक्ष आर्द्रता स्थिर राहते: २५ अंश सेल्सिअसला मॅग्नेशियम क्लोराइडवर सुमारे ३३ टक्के, तर साध्या मिठावर सुमारे ७५ टक्के. वजन स्थिर होईपर्यंत ठरावीक अंतराने तोलावे आणि वजनातल्या वाढीला कोरड्या वजनाने भागावे. हे कोरडे वजनच दगा देते. मुंबईच्या पावसाळ्यात ओव्हनमधून काढलेला नमुना तराजूवर पोहोचेपर्यंतच ओलावा घेऊ लागतो. तेव्हा तो झाकणाच्या बाटलीत बंद करून, डेसिकेटरमध्ये थंड करून मगच तोलावा.

नमुन्यांची जाडी सारखी ठेवावी, कारण जाडी दुप्पट झाली की समतोलाला (वजन स्थिर व्हायला) साधारण चौपट वेळ लागतो आणि मग दोन जेलांच्या वेगाची तुलना निरर्थक ठरते. आर्द्रता, तापमान व जाडी न सांगता दिलेला शोषणाचा आकडा मी तरी वाचून सोडून देतो.

क्षार गळतो का, हे ७५ टक्क्यांवर तपासावे: नमुन्याखाली आधी तोललेला गाळणकागद ठेवावा आणि शेजारी तसाच एक कोरा कागदही ठेवावा, कारण कागद स्वतःही ओलावा घेतो.