पैसे घेऊन बोर्ड गेम खेळवताय? हिशेबातल्या या चुका टाळा

मी गुहागरला राहते. शनिवार-रविवारी वेळणेश्वर, हेदवीच्या होमस्टेंमध्ये पर्यटकांना ‘कॅटन’सारखे बोर्ड गेम खेळवते, कधी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा एका बैठकीत संपणारा डाव लावते. यात खेळवणारा गोष्ट रचतो आणि खेळणारे त्यातली पात्रं होतात. हा जोडधंदा करू पाहणारे मला आधी दर विचारतात. खर्चाचा हिशेब कच्चा असेल, तर कुठलाच दर पुरत नाही.

सगळ्यात महागात पडते ती फक्त खेळाचे तास धरण्याची चूक. सहा जण, माणशी ३०० रुपये, तीन तास. १,८०० हातात आले की तासाला ६०० सुटले असं वाटतं. आता वहीत मांडा. होमस्टेवाल्यांचा २० टक्के वाटा ३६०, पेट्रोल १२०, प्रिंट ८०. उरले १,२४०. गोष्ट रचायला चार तास, खेळ तीन, येणं-जाणं दीड, मांडामांड आणि सोंगट्या मोजून परत भरणं अर्धा. नऊ तास झाले, म्हणजे तासाला जेमतेम १३८ रुपये. यावर उपाय दर वाढवण्याआधी तयारीत आहे. तीच गोष्ट नव्या ग्रुपला पुन्हा चालवा. तयारी तासाभरावर येते आणि तेच १,२४० सहा तासांचे होतात.

माणशी दर लावू नका. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे सहा जणांचं बुकिंग होतं, आले तीन. बाकीचे डॉल्फिन बघायला गेलेल्या बोटीवर अडकले. पेट्रोल, प्रिंट, वेळ सगळं तेवढंच लागलं, हाती राहिले ५२०. तेव्हापासून टेबलाचा दर ठेवला आहे: सहा जणांपर्यंत १,८००, निम्मे आगाऊ.

कोकणात खेळांचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा, आणि बजेटमध्ये तिच्यासाठी कुणी रकाना ठेवत नाही. एका जूनमध्ये मी एक खोका भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवला. ऑगस्टमध्ये उघडला तर पुठ्ठ्याच्या टाइल्सवर पांढरट बुरशी, पत्ते कडेने फुगलेले. फुगलेला पत्ता पाठीवरूनच ओळखू येतो, म्हणजे तो खेळ पैसे घेऊन खेळवायच्या लायकीचा राहत नाही. खेळ घेतल्या दिवशीच पत्त्यांना स्लीव्ह (प्लास्टिकची पातळ पाकिटं) घाला, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. ते तापवून पुन्हा वापरता येतात. पत्ते मात्र उन्हात घालू नका, वाकतात. दर डावामागे १०० रुपये झिजेसाठी आणि नव्या खरेदीसाठी बाजूला काढा. त्या हिशेबाने ४,००० रुपयांचा नवा खेळ म्हणजे ४० डाव. हा आकडा समोर असला की हौसेची खरेदी आपोआप थांबते.

प्रिंटच्या खर्चाबद्दल एक कामाची गोष्ट. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम (एसआरडी ५.१) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. श्रेय देऊन त्यांच्या प्रिंट वाटता येतात. विकतच्या पुस्तकांची पानं झेरॉक्स करून वाटू नका.

धंद्याचं खातं आणि यूपीआय वेगळं ठेवा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे, त्यामुळे ती चिंता लांबची. पण हे उत्पन्न आयकर विवरणात दाखवावंच लागतं. रोख बक्षीसही ठेवू नका. गावात पत्ते म्हटलं की जुगार आठवतो, आणि होमस्टेवाल्यांना ती शंका आली तर जागाच जाते.

शेवटची चूक मे महिन्यात होते. बारा डाव होतात, खर्च जाऊन १४,८८० उरतात, आणि माणूस त्या जोरावर हप्ता लावून बसतो. जुलैत एखादा डाव झाला तर झाला. गणपतीत घरं चाकरमान्यांनी भरतात, खोल्या मिळत नाहीत आणि आपणही मोदकांत असतो. वर्षभराच्या शिलकीला बाराने भागा आणि महिन्याला तेवढेच घरात घ्या. पावसाळ्याच्या रिकाम्या शनिवारी मी पुढच्या हंगामाच्या दोन गोष्टी लिहून ठेवते आणि प्रत्येक खोक्यातल्या सोंगट्या मोजते.